मागच्या सीटवरची ऊब

प्रिय तुमेन,

बाझरकाकांची सून सोलला कामाला येतेय, तिच्या हाती हे पत्र देतेय. सोबत थोडं आरूल आहे. यंदा दही उन्हात जरा जास्तच कडक वाळलंय, दातांना जपून खा. फोनवर बोलता आलं असतं असं तू म्हणशील. पण रेंज टेकडीवर मिळते, टेकडीवर बाबा बरोबर येतात, आणि कानटोपीमुळे त्यांना फोन कानाला लावता येत नाही म्हणून तो स्पीकरवरच असतो. हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

इकडचं ठीक आहे. मेंढ्या बऱ्याचशा तगल्या. पांढरा महिना आला आणि गेला, नवं वर्ष लागलं. घरात मरण झालेलं, त्यामुळे सणाला कुणी आलं नाही, आम्हीही कुठे गेलो नाही. मांस भरून बूझ उकडले नाहीत. आईचा चहाचा वाडगा मी धुऊन पेटीवर ठेवलाय, बाबा तो रोज उचलून पुन्हा तिथेच ठेवतात. मला अजून रडू आलेलं नाही. बायका येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात, मी त्यांना चहा देते. उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. शिवताना सुई टोचली तर कापडावर रक्त दिसल्यावर कळतं. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे.

मला तुला तू पाठवलेल्या गाडीबद्दल लिहायचं आहे.

ती आली तो दिवस तुला फोनवर आम्ही किती वेळा सांगितला असेल. शहरातून तुझा मित्र ती घेऊन आला तेव्हा गवत नुकतं पिवळं पडायला लागलं होतं. काळी, उंच, आत फिकट कातड्याच्या सीटा. दुसऱ्या हातची आहे असं सांगूनही कुणाला पटेना. किल्ली फिरवली की आतल्या यंत्रातली जपानी बाई काहीतरी बोलायची. बाबा तिला रोज आदराने उत्तर द्यायचे. आई म्हणायची, "मी इतकी वर्षं चहा देतेय, मला कधी एवढ्या गोडीने बोलला नाहीत." मग बाजाराला निघालं की आई मागे बसायची. पुढची जागा त्या बाईची, म्हणायची. गाडी निघाली की वाट सुखाची व्हावी म्हणून आधी मागे दूध शिंपडायची आणि मग धावत येऊन आत चढायची, कारण तिच्यामागे शिंपडायला कुणी उरलेलंच नसायचं.

गवत पिवळं असताना हीटर कोण लावून बघतो? पहिलं बर्फ पडलं तेव्हा कळलं. हवा यायची, पण कोमट. तीही पुढे, चालवणाऱ्याच्या गुडघ्यापर्यंत, आणि गाडी पळत असली तरच. थांबली की गार. मागे तर काहीच नाही. आमच्या श्वासाचं काचेवर आतून बर्फ व्हायचं आणि आई ते चमच्याने खरवडायची. गावातल्या गॅरेजवाल्याने बघितलं. म्हणाला, मागे गरम पाणी नेणारे पाइप कुणीतरी आधीच कापून बंद केलेत, गळत असतील. पुढचंही निम्मं चोंदलंय. सामान शहरातून मागवावं लागेल, उन्हाळ्यात करू. बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर आम्हा दोघींना म्हणाले, तुमेनला यातलं काही कळता कामा नये, पोराने तिकडे पाठ मोडून पाठवलीय. त्या रविवारी तू विचारलंस आणि ते म्हणाले, "अरे, आत इतकं गरम होतं की देल काढून बसावं लागतं." मेंढीच्या कातड्याचा देल अंगात होता, वर टोपी, टोपीवर माझी शाल. आईला इतकं हसू आलं की ती लांब जाऊन बसली. आम्हीही मग तसंच सांगायला लागलो. ती आमची गंमतच झाली होती. बाझरकाकांची जुनी रशियन गाडी बकऱ्यांच्या वासाने भरलेली, पण आत भट्टीसारखी तापते. ते बाबांना चिडवायचे, योंदोन, तुझी गाडी म्हणजे श्रीमंत नातेवाईक, दिसायला भारदस्त आणि जवळ गेलं तर गारठा. बाबांनाही हसू यायचं. ते बॉनेटवर नमद्याचं पांघरूण घालायचे, आमच्या पायांखाली तापवलेले दगड ठेवायचे आणि निघायचे.

त्या दिवशी सकाळी आईच्या खांद्यातून कळ आली. दूध काढायची कळशी तिच्या हातातून पडली. गावची ॲम्ब्युलन्स दुसऱ्या खोऱ्यात गेलेली, म्हणून बाझरकाका आपली गाडी दारात घेऊन आले, चालूच ठेवली, म्हणाले हिला यात घाला, आत ऊब आहे. बाबा तयार होते. हे तू नीट वाच, तुमेन. बाबा तयार होते, त्यांनी चटईसुद्धा त्या गाडीत नेऊन टाकली होती. आई नाही म्हणाली. "मी तुमेनच्या गाडीतून जाईन. डॉक्टरांच्या दारात बकऱ्यांच्या गाडीतून उतरणार नाही." वेदनेत होती, तरी हट्ट तिचाच. बाबांनी वाद घातला नाही. आजवर कधी घातलाय?

खिंडीत वाऱ्याने रस्त्यावर बर्फ आणून टाकलं होतं. बाबा खाली उतरून फावड्याने काढत, थोडं पुढे घेत, पुन्हा उतरत. दिवसभर तसंच चाललं. दार उघडलं की होती नव्हती ती ऊब निघून जायची. दगड केव्हाच गार झाले होते. मी आईचे पाय माझ्या देलमध्ये पोटाशी घेतले, हातमोजे काढून तिचे तळवे चोळत राहिले. बाबा आत आले की न वळता विचारायचे, मागे ऊब येतेय का ग? आणि आई म्हणायची, "येतेय हो. छान येतेय." तिचे ओठ निळे पडले होते. पुन्हा त्यांनी विचारलं, पुन्हा ती तेच म्हणाली. पुढे एकदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, येतेय.

त्या वेळी ती गेली होती का मला माहीत नाही. मला तिचे पाय कळत नव्हते आणि माझे हातही. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाली, हृदय आधीच थकलेलं होतं, झटका मोठा होता, कुठल्याही गाडीतून आणलं असतं तरी हेच झालं असतं. मला ते पटलं. बाबांनी डॉक्टरीणबाईला ते दोनदा बोलायला लावलं, आभार मानले, आणि बाहेर जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसले. आता घरीही बसतात. सकाळची जनावरं सोडली की आत जाऊन बसतात, गाडी चालू करत नाहीत. मी चहा नेऊन देते. काच खाली करून घेतात, पिऊन वाडगा परत देतात. मी घरात या म्हटलं की म्हणतात, येतो.

आणि तू दर रविवारी विचारतोस. मला माहीत आहे, तिथे त्या कारखान्याच्या खोलीत तुला धरायला दुसरं काही नाही. शेवटचं यायलाही मिळालं नाही. तू म्हणतोस, "बाबा, निदान आई उबेत गेली ना? माझ्या गाडीत तिला थंडी वाजली नाही ना?" बाबा म्हणतात, नाही रे, गरम होतं, एकदम गरम. तू रडतोस, ते तुला समजावतात, फोन बंद होतो. मग टेकडी उतरताना ते वाटेत बसतात आणि मला त्यांना उठवावं लागतं. गेल्या रविवारी उठवायला फार वेळ लागला. तुमेन, तुझ्याकडे होतं नव्हतं ते समाधान मी या पत्राने काढून घेतेय. तुला लागेल, पण तुझ्या आसपास माणसं आहेत, वय आहे. त्यांना ते आणखी एका रविवारी बोलायला लावलं तर काय होईल मला सांगता येत नाही. माझ्याने त्यांच्याशी बोलवत नाही, कारण मीही 'येतेय' म्हणाले होते. पुढच्या वेळी तूच बोल. बाबा, मला सगळं कळलंय, असं म्हण. मग त्यांना विचार, फार थंडी होती का, आणि ते बोलेपर्यंत फोन ठेवू नकोस.

तुझीच,
होंगोरताई