खदिजाबाईंच्या पाच कालवडी

सांडोर, वसई
६ फेब्रुवारी १९८३

प्रिय मार्कस,

तुझं बहारीनचं पत्र आणि व्हिसाचा कागद मंगळवारी मिळाला. माहूजच्या फ्लॅटबद्दल लिहिलंयस ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन खोल्या, एसी, स्वयंपाकघराला खिडकी, जिना उतरला की कोल्ड स्टोअर. आई म्हणाली, नशीब काढलंस गं बाय. तिनं लगेच कोळंबीचं लोणचं तुझ्यासाठी वेगळं काढून ठेवलं. व्हिक्टर आता चालत नाही, पळतोच, त्याला धरायला दोन माणसं लागतात. मागच्या बावखलाच्या पाण्याकडे जाऊ नये म्हणून बाबांनी दाराला आडणा लावलाय. तुझा फोटो दाखवला की डॅडी म्हणतो, पण पोस्टमन आला तरी डॅडीच म्हणतो, तेव्हा फार फुगून जाऊ नकोस.

तू लिहितोस की पंचवीस तारखेच्या शुक्रवारी यंदाची वासरांची डागणी आहे आणि त्याआधी मी पोचायलाच हवं, हाशिमसाहेबांचा तसा निरोप आहे. गेल्या वर्षी वासरांचा नुसता गोंधळ झाला, कोणाचं कोणतं ते कोणालाच कळेना, अ‍ॅलिसला बोलव. हे वाचून मला आधी हसू आलं. जी बाई चुकीचं ओरडते म्हणून तू चारचौघांत सांगितलंस, तिच्यावाचून आता अडलं होय रे?

तुला आठवतं, आपण हाशिमसाहेबांच्या फार्मवर पहिल्यांदा गेलो ते सत्त्याहत्तर साल? बुदैयाच्या रस्त्याला खजुरीची बाग आणि मागे एवढ्या गाई! सगळ्या काळ्या-पांढऱ्या, विमानातून आणलेल्या. मी म्हटलं, देवा, ह्या वाळूत ह्यांना चारा कोण घालतं? तू सुपरवायझर, आणि मी सहज म्हणून वासरांना दूध पाजायला लागले. तिथं वासरू जन्मलं की आईपासून तोडायचं, कुंपणात टाकायचं, बादलीनं पाजायचं. आईचं नाव त्याच्या अंगावर थोडंच लिहिलेलं असतं! पण मी बाबांच्या गोठ्यात वाढलेली. कोणाच्या कपाळावर टिकली, कोणाचा मागचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा, कोण बोट चोखतं, कोण ढुशी मारतं, मला एकदा बघितलं की पुरे. गाईंना नावंसुद्धा मीच ठेवली, आपली मराठी. चांदी, बांडी, मोरी, फुलण, भिंगरी. हाशिमसाहेब आधी हसले आणि मग त्याच्यावरच चालायला लागले.

शंभरातल्या चौदा गाई त्यांच्या वारलेल्या भावाच्या, म्हणजे खदिजाबाईंच्या. त्या विधवा बाईकडे नवऱ्याचं म्हणावं असं तेवढंच राहिलेलं. म्हणून डागणीला दोन ठसे. साहेबांचा गोल, खदिजाबाईंच्या दोन रेघा. मी कुंपणाच्या फाटकात उभी राहून एकेक वासरू सोडायचे आणि त्याच्या आईचं नाव मोठ्यानं सांगायचे. भिंतीपलीकडे जाळ असायचा. दोन कामगार वासराला आडवं करायचे आणि माझ्या हाकेप्रमाणे तू ठसा उचलायचास. आपली छोटी एडना हळद-खोबरेलाची वाटी घेऊन तुझ्या शेजारी, भाजलेल्या जागेवर बोटानं लावायला. अख्खं कुटुंब कामाला! खदिजाबाई म्हणायच्या, अ‍ॅलिस बोलली की खलास, दुसरा कागद नको. त्या बाईनं एडनाच्या गोवरात आठ दिवस रोज बुसैतीनहून गाडी पाठवून सूप दिलं होतं. मला त्या मोठ्या बहिणीसारख्या होत्या, हे तुला माहीत आहे.

एक्याऐंशीची डागणी. मला सातवा महिना. त्या वर्षी साहेबांच्या गाईंना बहुतेक गोऱ्हेच झाले म्हणून त्यांचं डोकं फिरलेलं, आणि खदिजाबाईंच्या गाईंना सहा कालवडी. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, सहा आल्यात, देवाची कृपा. तिसऱ्या दिवशी त्या हौसेनं बघायला आल्या तर दोन रेघांची एकच कालवड, बाकी पाचांवर गोल. तिथं सगळे होते. साहेब, कामगार, खदिजाबाईंची लेक रुकय्या. खदिजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत तू बोललास. बायको पोटुशी आहे, उन्हात डोकं ठिकाणावर नव्हतं, नावं उलटसुलट ओरडली, माफ करा. साहेब म्हणाले, एकदा बसलेला डाग पुसता येत नाही, इंशाल्ला पुढच्या वर्षी. खदिजाबाई पाठ फिरवून गाडीत जाऊन बसल्या.

आणि मी काय केलं? मी तुझ्यावर विश्वास ठेवला. मूर्ख! घरी येऊन तू माझे पाय चेपलेस, म्हणालास, होतं असं, मी सांभाळून घेतलं ना. मला तर तुझे उपकार वाटले. विमानात बसेपर्यंत आठवत होते, चांदी म्हणाले होते की बांडी? मोरीचं वासरू तिसरं सोडलं की पाचवं? मला माझेच शब्द आठवेनात. बाळंतपणाला म्हणून तू मला इकडे पाठवलंस ते दोन वर्षं झाली. मार्कस, ह्या दोन वर्षांत मी बाबांच्या गोठ्यात पाऊल टाकलं नाही. बाबा विचारतात, ही पाडी कोणाची गं, आणि मी म्हणते, मला त्यातलं काही कळत नाही. लहानपणापासून मला येत असलेली एकच गोष्ट, ती मी स्वतःच्या हातानं सोडून दिली. दर रविवारी मिस्साला त्या विधवेचं नुकसान केलं म्हणून क्षमा मागत आलेय. तुला हे पत्रांतून लिहिलं होतं. तू उत्तरात लिहायचास, विसरून जा.

आता ऐक. तुझा व्हिसा आला, त्यात बहारीनला परत जायचं कळलं, तेव्हापासून एडना जेवेना. बुधवारी चर्चच्या शिकवणीहून आली. शनिवारी तिची पहिली कुमसार आहे, फादरला पापं सांगायची, आणि सिस्टर मुलांकडून पापांची यादी करून घेताहेत. मी भाजी निवडत होते. माझ्या समोर बसली आणि इंग्रजीत विचारलं, डॅडीचं सिक्रेट ठेवणं हे खोटं बोलण्यात धरतात का. मला वाटलं, तू तिला चॉकलेटं दिली असशील. मग एकेक बाहेर आलं. मम्मी चांदी म्हणाली, ती खदिजाबाईंची, आणि डॅडीनं गोल उचलला. मम्मी फुलण म्हणाली, परत गोल. एडना तुला म्हणाली, डॅडी, चुकलं. गाईंची नावं त्या कामगारांना कुठली कळायला, पण पोरीला तर पाठ होती. आणि तू सहा वर्षांच्या मुलीला म्हणालास, हे मम्मीला सांगितलंस तर मम्मी रडेल आणि पोटातलं बाळ मरेल. व्हिक्टरला साधी सर्दी झाली तरी ही रडत का बसायची, ते मला परवा कळलं. दोन वर्षं मी देवाला विचारत बसले, आणि उत्तर माझ्याच ताटात जेवत होतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

साहेबांना कालवडी हव्या होत्या आणि तुला खुर्ची. चार महिन्यांत तू मॅनेजर झालास, ते पत्र मी गल्लीभर वाचून दाखवलं होतं. माणूस लालचावतो, मी समजू शकते. तू मला त्या संध्याकाळी खरं सांगितलं असतंस तर मी भांडले असते, भांडी फेकली असती, पण तुझ्याबरोबर उभी राहिले असते. तू माझं नाव पुढे केलंस. वड्याचं तेल वांग्यावर काढायला तुला घरचीच बाई सापडली! मग माझेच पाय चेपलेस. मला सगळ्यात जास्त राग त्या पाय चेपण्याचा येतो.

गुरुवारी आपल्या गल्लीतल्या ग्लॅडिसची रजा संपून ती बहारीनला ड्यूटीवर परत गेली. निघायच्या आधी सकाळीच मी तिच्या घरी गेले आणि तिच्या टेबलाशी बसून खदिजाबाईंना पत्र लिहिलं आणि तिच्याच हाती दिलं, रुकय्या त्यांना वाचून दाखवेल. त्यात पाच गाईंची नावं आहेत आणि पाच कालवडींच्या खुणा आहेत. काळ्या-पांढऱ्याचे ठिपके वाढत्या वयात बदलत नाहीत, गोल डाग असला तरी. तुझ्या हातात हे पडेपर्यंत ते पत्र वाचून झालेलं असेल. तुला साहेबांच्या तोंडून कळू नये म्हणून हे लिहितेय, एवढी बायको मी अजून आहे. व्हिसा मी वापरणार. वीस तारखेला मुलांना घेऊन येतेय, पण माहूजला नाही, ग्लॅडिसकडे उतरेन. शुक्रवारी फाटकात उभी राहीन आणि आधी त्या पाच जणींना बाहेर काढून सगळ्यांसमोर त्यांच्या आयांची नावं घेईन. त्याआधी खदिजाबाईंच्या दारात जाऊन स्वतः बोलायचं असेल तर तुझ्याकडे आठवडा आहे. नोकरी जाईल, फ्लॅट जाईल, मला ठाऊक आहे, मी आईला कोळंबीचं लोणचं परत बरणीत घालायला सांगितलंय. एडनाला मात्र मी सांगून टाकलं की बाय, हे पाप तुझ्या यादीत लिहायचं नाही, ते तुझं नाही. तिनं खोडलं आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तुझीच, अजून तरी,
अ‍ॅलिस