तिसऱ्या भागातला कॅप्टन

आबा, परवा सांगलीत भाच्याकडे गेले होते. तिथे तुमच्या त्या अवकाशयानाच्या सिनेमांपैकी तिसरा भाग टीव्हीवर हिंदीतून लागला होता. मी उठून जाणार होते, पण बसले.

पूर्वी साताऱ्याच्या आपल्या दोन खोल्यांत रविवारी दुपारी भाड्याचा व्हिडिओ यायचा. तुम्ही आणि तुमच्या पलटणीतले, दहिवडीकडचे हवालदार खाली सतरंजीवर, मी मागे खुर्चीत. सिनेमा इंग्रजी, आणि तुम्हा दोघांचं इंग्रजी परेडपुरतं. म्हणून दर संवादानंतर तुम्ही चित्र थांबवता आणि मान न वळवता म्हणता, "हं, सांग." मी सांगते, थोडक्यात. बी.ए., बी.एड. यासाठी केलं नव्हतं, असं वाटायचं, आणि ते माझ्या आवाजात तुम्हाला ऐकू येत असणार. मग आठवडाभर तुमचा वाद चाले. हवालदार म्हणायचे, "पयल्या भागातला कॅप्टन गडी व्हता. ह्यो नुसता दाढी करून आलाय."

तिसऱ्या भागात कॅप्टन आपल्या फिटरला एका उजाड ग्रहावर सोडून यान उडवतो. त्याआधी दोघं वायरलेसवर बोलतात. तुम्ही थांबवलंत. मी म्हणाले, "फिटर म्हणतो, माझी वाट पाहू नका, तुम्ही निघा."

"आवं सुभेदार, त्येचं तोंड बगा की," हवालदार म्हणाले. "जा म्हननारा असा रडतो व्हय?"

"ती सांगतीया न्हवं? शिकलेली लेक हाय माजी."

"म्हनला आसंल जा. तरी आपला माणूस टाकून जायाचं नसतं."

"मग बाकीची धा माणसं मारायची?"

यानंतर तुमच्यापैकी कुणीच पडद्याकडे पाहिलं नाही. तुम्ही एकदा बर्फातून एका जखमी जवानाला मागे ठेवून तुकडी खाली आणली होती, आणि हवालदार त्या तुकडीत होते. घरात हा विषय कुणी काढत नसे, पण मला माहीत होता. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमीच सांगा. खरंच आसं म्हनला त्यो?"

"मी दोनदा सांगत नाही," मी म्हणाले.

त्यांनी चपला घातल्या. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, नंतरही नाहीत. तुम्ही चौथा भाग एकट्याने पाहिलात. कॅप्टन मात्र तुम्हाला शेवटपर्यंत आवडत राहिला. "फिटरनं सोताच सांगितलं व्हतं," असं तुम्ही शेवटच्या आजारात दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही पटवून देत होतात. तेव्हा तुमचा चेहरा मोकळा दिसायचा.

परवा हिंदीत ऐकलं. फिटर म्हणतो, थांबा. तीनदा म्हणतो.

त्या दुपारी माझ्या मांडीवर सहामाहीचे पेपर होते. मी ते बोलणं ऐकलंच नव्हतं. तुम्ही "सांग" म्हणालात, आणि पेपरवरून नजर न काढता जे शोभेल ते मी सांगितलं. वर्गात एखाद्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला उभं केलं असतं.

हवालदार आता ऐंशीच्या पुढे आहेत, मुलाकडे असतात. पत्ता मिळाला आहे. त्यांना दोन ओळी लिहिणं माझं कामच आहे. पण लिहिलं की तुम्ही हरता, म्हणून अजून लिहिलेलं नाही.