चिखलात चालणारा पाय

सडक अर्जुनी,
१२ डिसेंबर १९५९

प्रिय सुलोचना,

माझा प्रबंध मंजूर झाला! सप्टेंबरातली बातमी डिसेंबरात कळवते आहे, कारण मला ती तुला समोर बसून सांगायची होती. दोनदा गोंदियाला आले आणि दोन्ही वेळा तुझ्या ओट्यावरून परत गेले. तुमच्या घरचे चुन्नीलालभाऊ बिचारे ओशाळून म्हणाले, "दीदी किसीसे नहीं मिलती." तू वर आहेस हे ठाऊक असून जिन्याकडे बघत मी चहा प्यायले आणि निघाले. म्हणून आता हे पत्र.

तू मुंबई सोडलीस त्यानंतर मी आपली भौतिकोपचाराची पदविका पुरी केली आणि संशोधनाला अर्ज केला. विषय सांगितला तेव्हा आपल्या सरांनी चष्माच काढून ठेवला. गुडघ्याखाली पाय कापलेला माणूस धानाच्या चिखलभरल्या बांधीत उभा कसा राहील, हा माझा विषय. इस्पितळातला लाकडी पाय बुटासकट मिळतो. डांबरी रस्त्यावर तो झकास चालतो. पण आमच्या चोरखमारा तलावाच्या पाण्यावरच्या बांध्यांमध्ये तो दोन दिवसांत फुगतो, आणि माणूस तो खुंटीला टांगून पुन्हा काठी धरतो. "हा प्रश्न शेतकी कॉलेजचा वाटतो," सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, पण रोगी आपला आहे." परवानगी मिळाली.

मग चिचगडपासून सडक अर्जुनीपर्यंत सायकलीवर हिंडून मी एकतीस माणसं गाठली. कोणाच्या पायावर जंगलात सागाचा लठ्ठा पडला होता, कोणाची जखम चिघळली होती. इथल्या सेवकराम मिस्त्रीनं माझ्या मापानं साधे पाय करून दिले. गुडघ्याला चामड्याचा पट्टा, खाली लाकडी दांडा आणि शेवटी रुतू नये म्हणून तव्याएवढी सपाट चकती. कागदावर सगळं बरोबर होतं. पहिल्या रोवण्याला, धानाची रोपं लावताना, एकतिसांपैकी सव्वीसजण चिखलात पडले. चकती रुतत नव्हती, पण चिखल तिला धरून ठेवायचा. पाय उचलावा तर माणूसच तोंडावर!

मी बांधावर बसून रडले, सुलोचना. वर्ष वाया गेलं होतं. तेव्हा त्या सव्वीसांतलीच चिचगडची मंगली चिखलानं माखलेली, तशीच सरकत माझ्याजवळ आली. "बाई, रडून काऊन राहिली? चिखल खालून चिपकून राहिला आहे. त्या तव्याले भोकं पाड न. हवा गेली का सोडते." तिनं कधी शाळा पाहिलेली नाही. आम्ही त्याच आठवड्यात चकतीला सात भोकं पाडली आणि मंगली बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. पुढच्या पावसाळ्यात सगळ्यांना तसेच पाय दिले. एकतिसांपैकी सत्तावीसजणांनी दिवसभर रोवणा केला. तीन वर्षं बांधावर बसून राहिलेला बिसराम तर संध्याकाळी बाहेर यायलाच तयार नव्हता!

मुंबईत विलायतेहून आलेल्या परीक्षकांना माझे आकडे पटेनात. आपले सर म्हणाले, "मग डोळ्यांनीच पाहा." मी मंगलीला सोबत आणलंच होतं. गोंदियाहून मेलमध्ये बसल्यापासून तिची एकच तक्रार होती, खिडकीतून शेतं दिसतात पण धान कुठंच नाही. इस्पितळाच्या मागच्या बागेत माळ्यांनी एक वाफा खणून पाण्यानं भरला. मंगलीनं लुगडं खोचलं, आत उतरली आणि रोवायला धानाचे पऱ्हे नव्हते म्हणून गवताच्या काड्या रोवत रोवत सरळ ओळीत पार गेली. परीक्षकांना तरीही शंका होती की चिखलच पातळ असेल. ते बुटांसकट आत उतरले आणि तिसऱ्या पावलाला गच्च अडकले. बाकीचे साहेब काठावर गोठून उभे. मंगली वळली, तिनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "जोर नोको लावू साहेब. टाच उचल पहिले." मी इंग्रजीत सांगेपर्यंत ते बाहेर आले होते, एक बूट आत ठेवून. पुढचा प्रश्न त्यांनी एका बुटावर उभ्या उभ्या विचारला, आणि तो मला नाही, मंगलीला: भोकं किती मोठी असावीत? मंगलीनं आपली करंगळी दाखवली. तासाभरानं त्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. त्या रात्री मी आणि मंगली भज्यांवर तुटून पडलो.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. पोलिओच्या मुलांना गरम शेक देता देता तुला ताप आला, तेव्हा तुझ्याच पाळीत मी होते. तुझे दोन्ही पाय लुळे पडले आणि माझं काही झालं नाही. याची मला इतकी लाज वाटायची की इतकी वर्षं मी तुला पत्र लिहिलं नाही. ती लाज अजून गेलेली नाही. पण मी क्षमा मागायला लिहीत नाही, तुला पाय द्यायलाही नाही. इथं सडक अर्जुनीला आमचा प्रशिक्षणवर्ग मंजूर झाला आहे. आठ मुलंमुली आली आहेत, जागा तळमजल्यावर आहे, दाराला उंबरा ठेवलेला नाही. पट्टे बांधायला मी शिकवेन, पाय करायला मिस्त्री शिकवतील, चालायला मंगली. शरीरशास्त्र शिकवायला कोणी नाही. अख्ख्या वर्गाला रोज संध्याकाळी स्नायू घोकायला लावून पास करणारी मुलगी मला एकच माहीत आहे. पगार माझ्याइतकाच आहे आणि नेमणुकीचा कागद सोबत जोडला आहे. चार जानेवारीचा पहिला तास सुलोचनाबाईंचा, असं मी फळ्यावर लिहून टाकलं आहे. पोरांनी ते वह्यांत उतरवूनही घेतलं. नाव पुसायचं असेल तर इथं येऊन स्वतःच्या हातानं पूस.

तुझीच,
शामकला