चौथा प्रयत्न, एक यार्ड

शनिवार, ८ नोव्हेंबर

हरलो! २१–२४. लॅथमच्या संघाकडून, आणि तेही आपल्याच विद्यापीठाच्या मैदानावर!

मार्व्हाने राजमा-खिम्याची चिली गरम करून समोर ठेवली आहे, शेजारी दालचिनीचा रोल. घास उतरत नाही. ती म्हणाली, "वर्लिन, खेळ आहे तो, कुणी मेलेलं नाही." हिला काय सांगणार!

लिहूनच काढतो. अडतीस सेकंद उरलेली. आपण तीन गुणांनी मागे. चेंडू त्यांच्या गोलरेषेपासून चार यार्डांवर. चौथा प्रयत्न, म्हणजे शेवटचा, आणि हवं किती? एक यार्ड! किक मारली तर तीन गुण, बरोबरी, जादा वेळ. तिथून आपला किकर डोळे मिटूनही मारेल. धावून ते एक यार्ड काढलं तर नवे चार प्रयत्न आणि सामना खिशात. नाही निघालं तर घरी जा.

कोच प्रेडमोर कानावरच्या फोनवर हात दाबून उभा. कितीतरी वेळ. मग किकरला हाताने मागे सारलं. चेंडू कीऑन्टेकडे. डावीकडे घुसला बिचारा, वर सात-आठ जणांचा ढीग. एकेकाला उचललं, साखळी आणली, अंतर मोजलं. एक वीत कमी! एवढ्या हजारो माणसांत एक पोर रडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

शेजारच्या खुर्चीवरच्या गिल्बर्टने टोपी आपटली. बावीस वर्षं आम्ही शेजारी बसतो, पण टोपी पहिल्यांदा आपटली. "असल्या माणसाला कोंबड्या मोजायलासुद्धा ठेवू नये!" पार्किंगपर्यंत आम्ही दोघं कोचला सोलत होतो.

एक गोष्ट इथेच लिहितो, बाहेर बोलायची नाही. चेंडू हलायच्या आधी मी उभा राहून ओरडलो होतो — "जा! जा!" गिल्बर्टही ओरडला. अख्खा स्टँड ओरडत होता.

टेसाचा फोन नाही अजून.

रविवार, ९ नोव्हेंबर

चर्चला निघताना टेसाचा फोन आला. रडून रडून आवाज बसलेला.

पोरगी माझी कोचच्या माणसांत आहे. नोकरीचं तिसरं वर्ष. प्रत्येक सामन्याआधी ती एक कागद तयार करते — इतके यार्ड, इतका वेळ, इतके गुण, तर किक मारायची की धावायचं. सगळा हिशेब. कोच तो कागद कमरेला खोचून उभा असतो. आमच्या हार्लो गावातून तिथवर पोचलेली ती एकटीच. टीव्हीवर कोच दिसला की मी आधी त्याच्या कमरेकडे बघतो.

"बाबा, कागदावर किक होतं."

"मग त्याने ऐकलं का नाही?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पुढचं विचारू नकोस. आणि हे कुणाला सांगू नकोस. आईलाही नाही. प्लीज, बाबा."

"साखळीवाल्याचा शब्द," मी म्हणालो. त्यावर ती पुन्हा रडायला लागली.

ही आमची जुनी शपथ आहे. गावातल्या हायस्कूलच्या सामन्यांना दर शुक्रवारी साखळी मी धरतो, एकतीस वर्षं झाली. चार प्रयत्नांत जेवढं पुढे जायचं तेवढी, दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या. खेळाडूंपासून हातभर अंतरावर उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. टाळी नाही, हूं की चूं नाही. आपल्या गावाने गुण मिळवले तरी चेहरा दगडाचा. टेसा आठ वर्षांची असल्यापासून माझ्या कोटाला धरून बाजूने चालायची. तिलाही नियम लागू. आम्ही दोघं समोर बघत, ओठ न हलवता एकमेकांशी कुजबुजायचो — आता काय करायला हवं, कोण चुकला. बापलेकीचं सगळं बोलणं तिथेच झालं म्हणा ना.

मार्व्हाला काही सांगितलं नाही. ती विचारत होती.

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी सोसायटीच्या गोदामात कॉफीला गेलो. नको होतं जायला.

गिल्बर्ट आधीच तापलेला. "कीऑन्टे डावीकडे गेलाच कसा? उजवीकडे एवढं भगदाड! माझी म्हातारी गेली असती त्यातून!"

रोवीना काट्यावर धान्याचे ट्रक तोलते. ती खिडकीतूनच म्हणाली, "तुला भगदाड टीव्हीवर दिसलं, सहा वेळा मागे-पुढे करून. त्या पोराला एकदाच दिसायचं होतं, तेही अंगावर डोंगर येत असताना."

"बरं, त्याला सोड. मग चूक कोणाची?"

"कोचची," मागून कोणीतरी म्हणालं.

"कोच काय, कागदात बघून बोलतो! तो कागद जाळा आधी. कॉम्प्युटरवर बसून पोरीबाळी आता फुटबॉल शिकवणार..." आणि एकदम गिल्बर्टची नजर माझ्यावर पडली. "वर्ल्या, तुझ्या टेसाला म्हणत नाही हां मी."

"मग कोणाला म्हणतोस?"

त्याने कॉफी ढवळली. साखर घेत नाही तो.

दुपारी कोच पत्रकारांसमोर आला. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. "निर्णय माझा. फक्त माझा. कागदाबद्दल विचारू नका." अरे मग स्पष्ट सांग ना, कागदावर किक होतं म्हणून! एका वाक्याचं काम. स्वतः मोठेपणा मिरवतो आणि माझ्या पोरीला शिव्या खायला लावतो!

संध्याकाळी सहाला रेडिओवर बकचा कार्यक्रम. सामन्यानंतरच्या सोमवारी सगळं कॅन्सस तिथे फोन करतं. आज एकामागून एक, सगळे टेसाच्या मागे. नाव माहीत नाही, पण "ती पोरगी". एक म्हणाला, "जन्मात कधी कुणी आडवं पाडलंय का तिला?" दुसरा म्हणाला, "तिला भरतकामाला बसवा." आणि बक हसतोय! खोखो हसतोय!

फोन लावला. अर्धा तास वाट बघितली. बोलायचं काय ते ठरवलंही नव्हतं.

"मी हार्लोहून वर्लिन. कागदावर किक होतं! खात्रीने सांगतो. ज्या पोरीला तुम्ही नावं ठेवताय ती माझी मुलगी आहे, तिच्याच तोंडून ऐकलंय. कोचने तिचं ऐकलं नाही. गाढवपणा त्याने केला आणि आता तिच्या मागे लपतोय!"

बकचं हसू थांबलं. मग हळूच म्हणाला, "वर्लिन, जरा पुन्हा सांगता?"

सांगितलं. पुन्हा सांगितलं मी!

फोन ठेवला तेव्हा छाती भरून आली होती. वळलो तर मार्व्हा दारात, हातात ओलं फडकं.

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का रे?"

"मी तिची बाजू घेतली!"

"तिने मागितली होती?"

मंगळवार, ११ नोव्हेंबर

टेसा फोन उचलत नाही. पाच वेळा केला.

माझा आवाज सगळीकडे वाजतोय. गिल्बर्टने पाठीवर थाप मारली, "वर्ल्या, तू तर कोचला उघडाच पाडलास!" कालपर्यंत कागद जाळायला निघालेले आज टेसाचे गोडवे गातायत. हेच तर हवं होतं मला. मग सारखा फोन का बघतोय मी?

बुधवार, १२ नोव्हेंबर

फोन नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मार्व्हाशी बोलली. माझ्याशी नाही.

तिला वरच्या ऑफिसात बोलावलं होतं. आतली गोष्ट बाहेर कशी गेली? काय उत्तर देणार — बापाने वाजवली? कोच तिच्याबरोबर आत गेला, म्हणाला, हिची चूक नाही, मीच तिला घरी बोलायची मुभा दिली होती. दिली नव्हती. खोटं बोलला तो. का बोलला, मला कळत नाही.

आणि ज्यांना कोच नकोच होता त्या बड्या मंडळींना आयतं कारण मिळालं. स्वतःच्याच माणसांचं ऐकत नाही म्हणे!

मार्व्हा हे सगळं सिंककडे तोंड करून सांगत होती.

"तिला काढतील?"

"माहीत नाही."

"माझ्याशी बोलेल?"

"माहीत नाही रे, वर्लिन." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

टेसाला मेसेज लिहायला घेतला. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी पाठवलं — "चुकलो पोरी."

शनिवार, १५ नोव्हेंबर

बाहेरगावी सामना. १०–३१. अंगात जीव नसल्यासारखे खेळले. कीऑन्टेच्या हातून दोनदा चेंडू निसटला. आठवडाभर त्या पोराला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल.

कॅमेरा कोचवर गेला. कमरेला कागद नव्हता.

गिल्बर्ट आमच्याकडे टीव्हीवर सामना बघायला आला होता. मध्येच मी म्हणालो, "गिल्बर्ट, त्या दिवशी आपण दोघं ओरडलो होतो. जा म्हणून."

"कोण, मी? काहीतरीच! मी पहिल्यापासून किकच म्हणत होतो."

थट्टा करतोय वाटलं. पण नाही! चेहरा अगदी साफ. त्याला खरोखरच तसं आठवतंय. असं विसरता आलं असतं तर किती सुटलो असतो मी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रेडमोरला काढलं. अकरा वर्षं, आणि चार ओळींचं पत्रक.

जाण्याआधी तो कीऑन्टेच्या खोलीवर जाऊन तासभर बसला म्हणे. टेसाची नोकरी हंगाम संपेपर्यंत आहे, पुढचं नवा कोच ठरवेल. म्हणजे गेलीच.

गोदामात लोक एकमेकांशी हात मिळवत होते. रोवीना तेवढी खिडकीत उभी होती. "बर्फ पडत होतं, रस्ता बंद होता. तरी तो माणूस माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला आला होता. माझा नवरा कोण? त्यांच्या मैदानावरचं गवत कापायचा." कोणाला उद्देशून बोलली नाही. पण जवळ मीच होतो.

बकने कार्यक्रम माझ्याच आवाजाने सुरू केला. मी रेडिओचं बटण बंद करून प्लगही काढला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

हायस्कूलचा उपांत्य सामना, आपल्या गावात. साखळी धरली. दुसऱ्या काठीवरचा लोनी म्हणाला, "काय वर्लिनकाका, आज रेडिओ नाही वाटतं?" हसलो. काय करणार.

तिसऱ्या सत्रात चौथा प्रयत्न आला. आपलाच, थोडक्यासाठी. मी समोर बघत राहिलो, चेहरा दगडाचा. आणि ओठ न हलवता उजवीकडे कुजबुजलो. सवय! उजवीकडे कोणी नव्हतं. ती कॉलेजला गेल्यापासून दहा वर्षं कोणी नाही. आज पहिल्यांदा ती जागा रिकामी दिसली.

हातातली काठी सोडून घरी यावंसं वाटत होतं. सामना आपण जिंकलो.

बुधवार, २६ नोव्हेंबर

टेसा उद्या थँक्सगिव्हिंगला येतेय! मार्व्हा म्हणाली, "फक्त जेवायला. राहणार नाही. आणि तू आधी ऐकून घे, मग बोल. जमलं तर बोलूच नकोस."

अंगण झाडलं. बर्फ नाही, पानं नाहीत, तरी झाडलं. तिला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. मी बाप आहे, मला ते ऐकवलं नाही, त्याने तुझं ऐकलं असतं तर हे काहीच झालं नसतं. सगळं खरंच आहे. उद्या तेवढं सांगेन.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

टर्की ओव्हनमध्येच होती. टेसा आली, कोट न काढता माझ्यासमोर बसली.

"बाबा, कागदावर किक होतं. कोचनी मला कानातल्या फोनवर विचारलं — कागद राहू दे टेसा, तू साखळीजवळ वाढलेली पोरगी, तुला काय वाटतं? मी म्हणाले, जा. एक यार्ड असलं की जायचंच. आठ वर्षांची असल्यापासून तुझ्या कोटाला धरून मी तेच ऐकलंय."

कोचने शेवटपर्यंत तिचं नाव घेतलं नाही.

"आणि तू?" तिने विचारलं. "त्या दिवशी स्टँडमध्ये तू काय ओरडलास?"

मी सांगितलं.