क्रॅनबेरीच्या बाटल्या आणि माझी उजवी किडनी

दोहा, रविवार

प्रिय हजराआपास धाकट्या युसुफचा अदबीने सलाम. तुझी तब्येत, तुझ्या कोंबड्या आणि शेजारणीशी चाललेलं भांडण, तिन्ही ठणठणीत असतील अशी उमेद. आपल्या गावचा उमैर सुटीवर घरी निघालाय, म्हणून पत्र त्याच्या हाती. (व्हॉइस मेसेज तू ओटीवर स्पीकरवर लावतेस आणि माझी लघवी सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाते.)

तर आपा, एसीच्या कामांपायी मी दिवसभर गाडीत. उतरावं लागू नये म्हणून पाणीच पीत नव्हतो. हा बंदोबस्त मला फार हुशारीचा वाटायचा. मग लघवीला जळजळ सुरू झाली. अशात इथल्या मुशैरिब भागातल्या एका ऑफिसात शिडीवर होतो, खाली दोन बाया बोलत होत्या की क्रॅनबेरीत असं काही असतं, ज्याने जंतू आत चिकटत नाहीत. (माझे कान तुला माहीत आहेत. तू बिस्किटं लपवलीस की मला पेटीचं कुलूप ऐकू यायचं.) शिडीवरून उतरलो तो डॉक्टर होऊनच! रसाचं खोकं आणलं, दोन दिवस बरं वाटलं, तुझीही तीच तक्रार होती म्हणून लगेच तुलाही बाटल्या पाठवल्या. वर फोनवर ऐट, "आपा, डॉक्टर सोड, हे पी."

आठवड्याने हुडहुडी भरून ताप आणि उजव्या कुशीत कळ. इथल्या नयना डॉक्टर नाशिकच्या. म्हणाल्या, "युसुफभाई, तो रस फार तर जंतूंना चिकटू देत नाही, तेही काहींनाच उपयोगी. तुमचे तर वर किडनीत बिऱ्हाड करून बसलेत. आता त्यांना रस पाजून काय होणार?" मी म्हटलं, "मग नोटीस देऊ?" "ती मी देते," म्हणाल्या आणि सलाइन लावलं. चार दिवस पडून होतो. आता गोळ्या चालू आहेत, खलास होईपर्यंत घ्यायच्या.

पडल्या पडल्या एकच विचार यायचा. आम्ही लांब राहणारी माणसं काळजी खोक्यात भरून पाठवतो आणि समजतो, पोचली. पोचतं ते खोकं.

वडीलधाऱ्यांना सलाम, कोंबड्यांना दुआ.

तुझा युसुफ

ता. क. उमैरकडे कोकम देऊ नकोस. आंबट काही बघवत नाही.

ता. क. दुसरा : शुक्रवारी फोनवर "मजेत आहे" म्हणालीस, पण बसताना श्वास धरलास आणि दात वाजले. एप्रिलात आपल्या गावी कुणाचे दात वाजतात? मी डॉक्टरचं नाव काढलं तर "धाकटा आहेस, धाकट्यासारखा राहा" म्हणून फोन ठेवलास. बाटल्या चिकूच्या झाडाला घाल. तुला डॉक्टरकडे न्यायला उमैर तुझ्या दारात गाडी चालू ठेवून उभा आहे.

ता. क. तिसरा, सूनबाईंना : फरहा, आपाचा चष्मा सापडत नसणार, म्हणजे हे तूच वाचून दाखवते आहेस. आता वाचणं थांबव आणि तिच्या कपाळाला हात लाव.