आमची काही तक्रार नाही

ती. ताईस,

धाकट्याचा लांबूनच नमस्कार. गुडघे कसे आहेत? भाऊजींचा रक्तदाब? (भाचीच्या लग्नात त्यांच्या भाषणातल्या चुका मी माइकवरून सुधारल्या, तेव्हापासून त्याला मीच जबाबदार, हे ठाऊक आहे. दोन वर्षं तू बोलली नाहीस, म्हणून हे पत्र.)

मन थाऱ्यावर नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, येरझाऱ्या घालतो, पुन्हा बसतो. याला कारण आमच्या टेलिफोन कचेरीतला शंकासुर. शेजारच्या टेबलावर बसतो आणि सूर्य उगवला तरी पुरावा मागतो. अमेरिकेत अकरा सप्टेंबरला अपहरण झालेल्या विमानांतून प्रवाशांनी घरी केलेले फोन बनावट होते, असं त्याचं म्हणणं. का? तर म्हणे, एकाने सख्ख्या आईला आडनावासकट नाव सांगितलं! मी म्हटलं, अरे, घाबरलेला माणूस जिभेला सवय असेल तेच बोलतो. मरणाच्या दारातून घरी फोन करणाऱ्यांवर संशय घेताना तुझी जीभ कशी झडत नाही? तो म्हणाला, पुरावा दाखव. दोघांचे जेवणाचे डबे तसेच राहिले.

मंगळवारी मी लिफ्टमध्ये अडकलो. दोन मजल्यांच्या मध्ये, एकटा, दिवा बंद. बोटांनी आपोआप तुझा नंबर लावला. (बायकोचा का नाही, हे तिने विचारलंय, उत्तर शोधतोय.) तुझं ‘हॅलो’ ऐकून रडूच फुटणार होतं, पण वीस वर्षांची सवय! तोंडातून निघालं, “नमस्कार, तक्रार विभागातून बोलतोय.”

तू म्हणालीस, “आमची काही तक्रार नाही,” आणि फोन ठेवलास.

अर्ध्या तासाने सुटलो तो थेट शंकासुरापुढे उभा राहिलो. घे पुरावा! सख्ख्या बहिणीला मी खात्याचं नाव सांगितलं! त्याने माझा मोबाइल उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, “नऊ सेकंद. पलीकडे बहीणच होती कशावरून?”

तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

तुझाच,
धाकटा

ता. क. : फोन मीच केला आणि तूच घेतलास, एवढं सहीनिशी लिहून पाठव. त्याच्या तोंडावर मारायचंय.

ता. क. २ : शंकासुर गेला खड्ड्यात. तुझ्या मोबाइलवर माझं नाव अजून उमटतं, की पुसलंस? ‘आमची काही तक्रार नाही’ हे तू खात्याला म्हणालीस, की मला? खात्याला म्हणाली असशील, तर कळवू नकोस. मलाच म्हणालीस असं धरून रविवारी येतोय. पुरावा मागणार नाही.