‘निवांत वाचू’ या फोल्डरची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय छप्पन्न, काम लिफ्टदुरुस्ती, शाळा नववीपर्यंत आणि पुढचं सगळं आपलं आपण शिकलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने आणि कुणी भरीस न घालता लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहती दोन खोल्यांची जागा आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला. स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्या मी बसवल्या आहेत, कुरकुरत नाहीत. त्यांना कुणा सुताराचा हात लागू नये.

२. हत्यारांची पेटी माझ्या जोडीदार मेकॅनिकला, वीज तपासायचा मीटर सोडून. मीटर आमच्या मोठ्या साहेबांना द्यावा. त्यांनी तो उसना नेला, वायर तोडून परत केला आणि वर म्हणाले, "डिग्री नसलेल्याला मीटर काय नि खेळणं काय." वायर मुद्दाम जोडलेली नाही.

३. मेहुण्याला काही नाही. त्याने माझ्या बायकोसमोर मला ‘न वाचणारा ग्रंथपाल’ म्हटलं होतं. तो बोलला याचा राग नाही. खरं बोलला, याचा आहे.

४. संगणकातले बुकमार्क. एकूण सहा हजार चारशे अठरा, फोल्डर एकशे बारा, प्रत्येक पानाला विषय, तारीख आणि तीन खुणा. कामावरून आल्यावर रोज तासभर मी ते लावत असे. वाचायचं निवृत्तीनंतर, असा बेत होता.

त्यातला एक बायकोने पाठवलेला आहे. तिला शौचातून रक्त जात होतं. माझ्याशिवाय कुणाला बोलली नव्हती. म्हणाली, "अहो, तुम्हाला यातलं कळतं. वाचून सांगा, डॉक्टरकडे जाऊ का ते." मी तो ‘प्रकृती – पोट – निवांत वाचू’ इथे ठेवला. आठवड्याने तिने विचारलं, "वाचलंत का?"

"नीट लावून ठेवलंय."

"मग झालं," म्हणाली, आणि निर्धास्त झाली. सात महिने.

ती गेल्यावर सतराव्या दिवशी मी ते पान उघडलं. वाचायला चार मिनिटं लागली. दुसऱ्याच ओळीत होतं, थांबू नका. शेवटी होतं, आईला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर मुलांनी त्रास नसतानाही तपासून घ्यावं.

५. हे मुलीला मी दोन वर्षं सांगितलं नाही. सांगायचं तर ते पान माझ्याकडे कधीपासून होतं, हेही सांगावं लागलं असतं. परवा जेवताना ती म्हणाली, "बाबा, हल्ली पोट सारखं दुखतं. बघू नंतर." मी भाताचं पातेलं तिच्याकडे सरकवलं.

६. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचं असतं. हे तसं ठेवू नये. मुलगी आतल्या खोलीत आहे. सह्या होताच साक्षीला आलेल्या शिंप्याने कलम चार आणि पाच तिला वाचून दाखवावीत. माझ्याने होणार नाही. तिच्या तपासणीची वेळ उद्या सकाळी साडेनऊची घेतली आहे. बुकमार्क सगळे पुसावेत.

स्थळ: राहत्या जागेची पुढची खोली
दिनांक: बारा, सोमवार
लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचा शिंपी (सही)
साक्षीदार: औषधाच्या दुकानातल्या बाई (सही)

शिंप्याच्या हातची नोंद: दोन्ही कलमं वाचून दाखवली. मुलगी म्हणाली, "साडेनऊला मी जाईन. त्यांना सांगा, माझ्याबरोबर यायचं नाही."